आतोबांचं ग्वायाकिल

ग्वायाकिल हे शहर आमच्या आतोबांइतकं बारकाईनं या पृथ्वीवर दुसऱ्या कुणीही पाहिलेलं नसेल, आणि आतोबांनी ते कधीच पाहिलेलं नव्हतं. बंगळूर ते सातारा हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास. तो त्यांनी स्वतःच्या लग्नासाठी केला होता, आणि त्या प्रवासात हुबळीच्या फलाटावर राहून गेलेल्या छत्रीची हळहळ त्यांना लग्नाच्या आनंदाहून जास्त दिवस पुरली. असा हा माणूस चामराजपेटेतल्या आपल्या घराच्या ओट्यावर मांडी घालून बसायचा आणि समोर जो कुणी सापडेल त्याला दक्षिण अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या बंदराची सहल घडवून आणायचा. दूधवाला असो, वीज खात्याचा माणूस असो, संक्रांतीला तिळगूळ द्यायला आलेली मुलं असोत, ग्वायाकिलच्या धक्क्यावर पाय लावल्याशिवाय त्या घरातून कुणाची सुटका नसे.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी इतकी मिसळलेली की कुठलं काय हे त्यांचं त्यांनाही कळत नसे. बसवनगुडीतल्या एका हायस्कुलात ते ड्रॉइंग मास्तर होते. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी, कोटाच्या उजव्या बाहीवर रंगीत खडूची कायमची भुकटी. चालताना मान जराशी वर, बोटीच्या डेकवर उभं राहून किनारा न्याहाळत असावेत तशी. मी साताऱ्याहून तिकडच्या एका सरकारी कारखान्यात नोकरीला म्हणून आलो तेव्हा विधानसौध नुकतंच बांधून झालं होतं आणि गावातला प्रत्येक माणूस परगावच्या पाहुण्याला आधी ते दाखवायला नेत असे. आतोबांनी मला पहिल्या संध्याकाळी विचारलं, “ग्वायाकिल ठाऊक आहे?” मी नाही म्हणालो. “इक्वाडोर?” तेही नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “इंजिनियर ना रे तू?” म्हणाले, आणि मग माझी कीव येऊन त्यांनी अगदी नदीपासून सुरुवात केली.

हे वेड कुठून आलं ते मला चार दिवसांत समोरच्या अक्कानं सांगितलं. तिच्या कानडीतलं मला जेवढं कळलं त्यावरूनही गोष्ट स्पष्ट होती. आत्याला एकच मुलगा. तो बोटीवर इंजिनियर झाला, मुंबईहून निघाला, आणि बोट दुरुस्तीसाठी या ग्वायाकिल नावाच्या बंदरात अडकली तेव्हा तोही अडकला. बोट पुढं गेली, हा तिथंच राहिला. केळी नेणाऱ्या बोटी दुरुस्त करण्याच्या कारखान्यात नोकरी धरली आणि वर्षभरानं तिथल्याच एका मुलीशी लग्न करून मोकळा झाला. ती बातमी आली त्या दिवशी आत्यानं देवाजवळ निरांजन लावलं आणि सांगितलं, या घरात आता त्याचं नाव निघायचं नाही. आत्या माझ्या वडिलांची बहीण. आमच्या घराण्यात शब्द फार कमी खर्च होतात, पण एकदा खर्च झाले की परत घेतले जात नाहीत. तिनं नुसतं नावच बंद केलं नाही. काशीला जाऊन आलेली माणसं आवडीची एखादी वस्तू सोडतात, तशी तिनं काशीला न जाताच केळी सोडली. का, तर त्या केळ्यांच्या बोटींनी मुलगा नेला. बंगळुरात केळी सोडणं सोपं नाही. तिथली येलक्की केळी बोटभर आणि साखरेसारखी गोड. हळदीकुंकवाला केळं, देवळात केळं, पानसुपारीबरोबर केळं. आत्या ते कपाळाला लावायची आणि न बोलता माझ्या पानात ठेवायची. मी त्या घरात राहिलो तेवढ्या वर्षांत किती केळी खाल्ली याचा हिशेब फक्त त्या देवाला.

तर नाव बंद झालं. पण गावावर बंदी घालायचं मात्र आत्याच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असूनही तिनं घातली नाही. आतोबा त्या फटीतून आत शिरले. मुलाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही म्हटल्यावर त्यांनी तो ज्या रस्त्यानं चालत असेल त्या रस्त्याबद्दल बोलायला सुरुवात केली. मुलगा वर्षातून एकदोनदा शाळेच्या पत्त्यावर रंगीत चित्राचं कार्ड पाठवायचा, पाठीमागं खुशालीच्या दोन ओळी. कार्डाची मागची बाजू आतोबा शाळेत वाचून घ्यायचे आणि पुढच्या बाजूची घरी आल्यावर सहल काढायचे. त्याला जोड म्हणून अॅव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून शोधलेले नकाशे, परदेशी मासिकं, आणि कमी पडेल तिथं स्वतःची कल्पना. ती ड्रॉइंग मास्तरांची असल्यामुळे कधी कमी पडत नसे.

रोज रात्रीची पानं मांडली की आतोबा माझ्याकडे तोंड करून सुरू व्हायचे. आत्या शेगडीजवळ, आमच्याकडे पाठ. “आपली रात्र म्हणजे तिथं सकाळ,” अशी प्रस्तावना. पहिल्या पहिल्यांदा आत्याची समजूत अशी होती म्हणे, की मुलगा गेलाय ते एक घनदाट रान आहे आणि तिथली माणसं पानं नेसतात. म्हणून आतोबांनी शहराची सुरुवात देवळापासून केली. चर्च म्हणायचं टाळून ते नेहमी ‘तिथलं मोठं देऊळ’ म्हणत. त्या देवळासमोर एक बाग आहे आणि त्या बागेत हातहातभर लांबीचे सरडे मोकळे हिंडतात. झाडावर, गवतात, बाकावर माणसांच्या शेजारी ऊन खात बसतात. “कुणाच्या अध्यात ना मध्यात,” आतोबा सांगायचे, आणि मग आवाज थोडा चढवून, “आणि शुद्ध शाकाहारी. पानंच खातात. वास्तविक आपल्यातलेच म्हणायचे.” यावर शेगडीकडून कढईवर झाकण आदळल्याचा आवाज यायचा. आतोबा समाधानानं भाताचा पुढचा घास घ्यायचे.

त्या बंदरातली सगळीच ठिकाणं मात्र जेवताना सांगण्यासारखी नव्हती. एका टेकडीच्या उतारावर पांढऱ्या संगमरवराचं, गल्ल्याबोळ असलेलं एक मोठं स्मशान आहे, आणि ते म्हणे डोळ्याचं पारणं फेडणारं. ते आतोबांनी मला ओट्यावर नेऊन, आवाज खाली करून दाखवलं. “हे आत बोलायचं नाही,” म्हणाले. “मुलगा जिथं राहतो तिथं स्मशान असतं हे कुठल्या आईला ऐकवतं?” ओट्याच्या मागंच स्वयंपाकघराची खिडकी होती, पण तिची काच बंद होती.

धक्क्यावर मशिदीसारख्या घुमटाचा एक घड्याळाचा मनोरा आहे. हा मनोरा आतोबांच्या विशेष जिव्हाळ्याचा, आणि त्यापायी त्यांनी माजघरातलं भिंतीवरचं घड्याळ ग्वायाकिलच्या वेळेला लावून ठेवलं होतं. तिथल्या आणि इथल्या वेळेत दिवसरात्रीचा फरक, पण काट्यांना दिवसरात्र कळत नाही. त्यामुळे आमचं घड्याळ बंगळूरच्या दीड तास पुढं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी घड्याळात आठ बघून धावतपळत कारखाना गाठला, तर फाटकावर एकटा रखवालदार विडी ओढत होता. या एका घटनेवर मी पुढं कित्येक वर्षं वक्तशीर म्हणून ओळखला गेलो. सोलापूरचे एक पाहुणे असेच दीड तास आधी स्टेशनात जाऊन बसले आणि तिथं मुंगळे चावले म्हणून आतोबांवर रागावले. आत्या त्या घड्याळाला ‘मेलं घड्याळ’ म्हणायची. पण दर शनिवारी स्टुलावर चढून त्याला किल्ली द्यायची ती आत्याच. मी एकदा म्हणालो, आत्या, काटे सरळ करून देऊ का? तर म्हणाली, “राहू दे. मला सवय झाली आहे.”

पाहुण्यांना बंगळूर दाखवण्याचं काम आतोबांकडे यायचं, आणि इथंच त्या पाहुण्यांचं दैव खोटं. लालबागेतल्या काचघरासमोर उभे करून ते म्हणत, “हे बघून ठेवा. असंच लोखंडाचं आणि काचेचं, पण नदीच्या अगदी काठाला, तिथं भाजी-मासळीचा बाजार आहे.” मासळी हा शब्द घरी वगळला जाई. पाहुणे काचघराऐवजी तो बाजार बघून परतत. विधानसौधापुढं ते पाहुण्यांना ग्वायाकिलच्या एका अर्धवर्तुळाची गोष्ट सांगत. धक्क्यावर दोन सेनापती हातात हात घालून उभे आहेत, त्यांच्यामागं दगडी बाकांचं अर्धवर्तुळ आहे, आणि त्याच्या एका टोकाला बसून कुजबुजलं की दुसऱ्या टोकाच्या माणसाला स्वच्छ ऐकू येतं. एकदा लालबागेत तशाच वळणाची एक बुटकी भिंत त्यांच्या नजरेस पडली. मला त्यांनी एका टोकाला बसवलं, स्वतः दुसऱ्या टोकाला गेले, भिंतीशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटले. मला एक अक्षरही ऐकू आलं नाही. परत येऊन म्हणाले, “आलं ऐकू?” त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी आलं म्हणालो. “काय म्हणालो मी?” हे विचारायचं मात्र त्यांनी टाळलं, आणि ते काय म्हणाले असतील हे मलाही न ऐकता कळलं होतं.

शाळेत तर कहरच. जिल्ह्याच्या चित्रकला परीक्षेत ‘जत्रेचा देखावा’ असा विषय आला. बसवनगुडीची शेंगांची जत्रा सगळ्या मुलांच्या पायाखालची, नंदीच्या देवळापासून खालपर्यंत भुईमुगाच्या राशी. पण आतोबांच्या वर्गातल्या पोरांनी त्या राशींच्या मागं झाडून सगळ्यांनी एक नदी काढली, तिच्यात बोटी, काठावर घुमटाचं घड्याळ, आणि एका हुशार मुलानं तर शेंगा विकणाऱ्या बाईच्या शेजारी एक हातभर सरडा बसवला. परीक्षकांनी मुख्याध्यापकांना विचारलं, बसवनगुडीत ही नदी कुठली? मुख्याध्यापकांनी आतोबांना विचारलं. आतोबा म्हणाले, “सार्, गावाला नदी नाही हा गावाचा दोष. मुलांनी का म्हणून नदीशिवाय राहावं?”

बंगळूरला नदी नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. तळी होती, पण तळ्यात पाणी येतं आणि बसून राहतं. म्हणायला नंदीच्या पायाखालून वृषभावती उगम पावते. पावसाळ्यात आतोबा छत्री घेऊन ती किती वाढली ते बघायला जायचे आणि चिखलानं भरलेल्या चपला घेऊन परत यायचे. समोरची अक्का दारातून विचारायची, “एनु मेष्ट्रे, निम्म नदी बंता?” काय मास्तर, आली का तुमची नदी? “स्वल्प स्वल्प,” आतोबा सांगायचे. थोडी थोडी येतेय.

त्यांच्या सहलीचा शेवट नेहमी त्या खऱ्या नदीवर व्हायचा, आणि तिथं आल्यावर त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. ती नदी समुद्राच्या इतकी जवळ आहे की भरतीचं पाणी तिच्यात शिरतं आणि ती उलटी वाहायला लागते. सकाळी पाण्यावरची हिरवी पानवेल पुंजक्यापुंजक्यांनी समुद्राकडे वाहत जाते. धक्क्यावर उभं राहिलं की वाटतं, ही आता गेली ती गेलीच. आणि संध्याकाळी बघावं तर तीच वेल, तेच पुंजके, सावकाश परत वर येतात. “तीच?” मी एकदा इंजिनियरपणानं विचारलं. “तीच,” आतोबा म्हणाले आणि हात धुवायला उठले. अशा वेळी शेगडीकडून कसलाही आवाज यायचा नाही.

चीनचं युद्ध होऊन गेल्यावरच्या वर्षी एका रात्री आतोबा जेवायला बसले आणि बराच वेळ सहल सुरूच होईना. मग माझ्याकडे बघत म्हणाले, “ग्वायाकिलहून एक माणूस येतोय म्हणे. कार्तिकात. तीन आठवडे राहणार म्हणे.” मी आत्याच्या पाठीकडे बघितलं. ती पोळी लाटत होती, लाटत राहिली. ती पोळी भाजून तिनं पानात वाढली. मग ती म्हणाली, “गाद्या उन्हात टाकायला हव्यात.”

जेवणानंतर आतोबांनी मला ओट्यावर नेलं. आनंदानं नुसते फुलून यायला हवे होते, पण चेहरा उतरलेला. म्हणाले, “तो येतोय ते ठीक. पण सगळं खरं निघायला हवं रे.” मी म्हणालो, काय सगळं? “सगळंच. बाग, मनोरा, ती नदी. इतकी वर्षं मी तिच्यासाठी एक गाव बांधत आलोय. ऐकते का नाही देव जाणे. पण मुलगा काही वाईट ठिकाणी नाही एवढं तरी तिला वाटावं. आता तोच येऊन म्हणाला, अण्णा, असलं काही तिथं नाही, तर मी पुन्हा कुठून सुरुवात करू?” मला त्यांचा फार कळवळा आला. मी म्हणालो, निघेल खरं. दुसरं काय म्हणणार?

आतेभाऊ आला. मी मनाशी कुणी पांढऱ्या कपड्यातला दर्यावर्दी धरून चाललो होतो, तर टक्कल पडू लागलेला, पोट सुटलेला, शांत स्वभावाचा गृहस्थ टांग्यातून उतरला. अमेरिकन झाला असेल म्हणावं, तर त्याची मराठी तो गेला त्या वर्षीच्या चामराजपेटेतच थांबलेली. बरं म्हणायला सरी अण्णा, हो म्हणायला होय की अण्णा. आत्याच्या पायावर डोकं ठेवून तो बराच वेळ वाकून राहिला. आत्या म्हणाली, “हातपाय धुवून घ्या. पाणी काढलंय.” पोटच्या मुलाला ती अहो-जाहो करत होती, परक्या पाहुण्याला करावं तसं. तो दचकलेला मला दिसला, मग मोरीकडे गेला. पुढचे सगळे दिवस हेच चाललं. त्याच्या आवडीचा बिसीबेळे भात व्हायचा, त्याच्या पानात तुपाची धार जास्त असायची, आणि शब्द मात्र तेवढेच. घ्या. वाढू का? झोपा आता.

आतोबांची धांदल वेगळीच. त्यांना साक्षीदार मिळाला होता, आणि साक्षीदार फुटत चालला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी बागेतल्या सरड्यांची चौकशी केली. आतेभाऊ म्हणाला, “आहेत म्हणतात अण्णा. मी त्या बाजूला जात नाही फारसा.” घड्याळाचा मनोरा? “असेल. बस जाते तिकडून.” टेकडीवरची जुनी लाकडी घरं, वरून दिसणारी नदी? “त्याला पायऱ्या फार आहेत की. रविवारी कोण चढतो?” कुजबुजीच्या अर्धवर्तुळाचं तर त्यानं नावही ऐकलं नव्हतं. घर ते कारखाना आणि कारखाना ते घर, एवढंच त्याचं ग्वायाकिल. बायको शिवणकाम करते, दोन मुली आहेत, रविवारी झोपतो. यात त्याची काही चूक नव्हती. मी इतकी वर्षं बंगळुरात राहून टिपूच्या वाड्याच्या आत एकदाही गेलो नव्हतो. माणूस राहतो ते गाव बघत नाही. आतेभावाला बघायचं होतं ते सगळं इथलं होतं. लालबागेतली ती खडकाची टेकडी, चिकपेटेतलं धोतरांचं दुकान, शाळेच्या वाटेवरची खानावळ. तिथं बसून तो डोसा खात नव्हता, नुसता बघत होता. बाप इथं बसून तिथलं शहर हिंडत होता, मुलगा तिथं राहून इथलं हिंडत होता, आणि एकमेकांना गाठायला दोघंही तेवढेच दमत होते.

तो जायच्या आदल्या दिवशी शेंगांची जत्रा होती. कार्तिकातला शेवटचा सोमवार. आम्ही तिघं बसवनगुडीला जाऊन आलो, नंदीला शेंगा वाहिल्या, पिशवी भरून घरी आणल्या. रात्री पानावर बसलो. आतोबांना आता थांबवत नव्हतं. सगळी ठिकाणं हातची गेली होती, एकच उरलं होतं. त्यांनी आवाज सहज ठेवायचा प्रयत्न करत विचारलं, “नदी तरी बघतोस ना रे? ती पानवेल?”

आतेभाऊ घास चावत म्हणाला, “नदी काय अण्णा, नदीसारखी नदी. गढूळ पाणी. उन्हाळ्यात वास येतो स्वल्प.”

आतोबांचा हात पानावर तसाच राहिला. वरणभात कालवलेला होता, पण बोटं हलेनात. मी विषय बदलायला काहीतरी शोधत होतो, आणि तेवढ्यात शेगडीकडून आवाज आला.

“सकाळी खाली जाते आणि संध्याकाळी परत येते. बारा वर्षं काठावर राहतोस आणि बघितलं नाहीस?”

आम्ही तिघांनीही मान वळवली. आत्यानं आमच्याकडे तोंड केलं होतं. हातात उलथनं तसंच. “नदी आहे म्हणे नदीसारखी. भरती आली की उलटी वाहते ती. धक्क्यावर जाऊन उभं राहायला किती वेळ लागतो? तिथंच तो घुमटाचा मनोरा आहे. असेल काय म्हणतोस, आहे. त्याच्या पुढं लोखंडाचा बाजार, आपल्या लालबागेतल्यासारखा. मासळीसुद्धा मिळते तिथं, मला ठाऊक आहे. आणि ते दोघं हात धरून उभे आहेत ना, त्यांच्यामागं बायकोला एका टोकाला बसव आणि तू दुसऱ्या टोकाला बस. काही बोललास तर ऐकू येतं तिला. मुलींना त्या देवळापुढच्या बागेत ने. सरड्यांना घाबरायचं नाही म्हणावं. शाकाहारी असतात.” ती श्वास घ्यायला थांबली. “आणि ती पांढऱ्या दगडाची स्मशानाची टेकडी, तीसुद्धा बघून ये एकदा. फार देखणी आहे म्हणतात.”

आतोबांनी माझ्याकडे बघितलं. स्मशानाचं त्यांनी तिच्या देखत कधीच काढलं नव्हतं. ओट्याच्या मागची ती खिडकी आम्हा दोघांनाही एकदमच आठवली असावी. आतेभाऊ मान खाली घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते, आणि तो हसतोय की रडतोय हे मला कळलं नाही. बहुधा त्यालाही नसावं. “बघतो आई,” म्हणाला. “नक्की बघतो.” “जेव आता. निवलं सगळं,” आत्या म्हणाली, आणि तिनं त्याच्या पानात वाढायला घेतलं.

सकाळी टांगा दारात आला तेव्हा आत्यानं त्याच्या हातावर दही घातलं. त्यानं ते खाल्लं. तो पाया पडायला वाकला तर तिनं त्याच्या टकलावर हात ठेवला आणि म्हणाली, “ती जुन्या लाकडी घरांची टेकडी मात्र चढ. पायऱ्या असल्या तरी चढ. वरून सगळं दिसतं म्हणे.” टांगा वळेपर्यंत ती फाटकात उभी होती. अक्का दारात उभी राहून डोळे पुसत होती, आतोबा टोपी हातात घेऊन नुसतेच उभे होते, आणि माजघरातलं घड्याळ दीड तास पुढं जाऊन आपली वेळ सांगत होतं.

आता दोघंही नाहीत. त्या घरात कुणी दुसरे राहतात, आणि मी बंगळूर सोडल्यालाही वर्षं झाली. पण आतोबांची आठवण आली की मला त्यांच्या शेकडो सहलींपैकी एकच आठवते, आतेभाऊ गेल्यानंतर तीनचार आठवड्यांनी आलेल्या एका रविवारची. रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. आतोबांनी सहल काढलीच नव्हती, आता काय सांगायचं उरलं अशा भावनेनं. त्या दिवशी दुपारी कुणाकडे तरी पूजा होती आणि आत्या प्रसादाचं केळं घेऊन आली होती. सवयीनं मी पान पुढं सरकवलं. पण आत्या भिंतीला टेकून बसली होती आणि केळं सोलत होती. अर्धं सोलून झालं, तिनं त्याचा एक तुकडा तोंडात घातला, आणि दारातून माजघरातल्या घड्याळाकडे बघत विचारलं, “तिथं आता सकाळ ना हो? आज रविवार. चढला असेल का टेकडी वसंता?”

ते नाव मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. आतोबांनी पाण्याचं भांडं उचललं, एक घोट घेतला, भांडं खाली ठेवलं. मग ते म्हणाले, “निघाला असेल. आधी मोठ्या देवळावरून जायला लागतं,” आणि तिथून सावकाश एकेक वळण घेत ते त्या शहरातून टेकडीकडे चालू लागले. सहल तीच होती, मला तोंडपाठ होती. फक्त त्या दिवशी पहिल्यांदाच ते माझ्याकडे बघून बोलत नव्हते.